मधेच कमी होणारं पाणी

दिनकरने न्हाणीघराचं दार ढकललं तेव्हा कौशल्या दोन्ही हातांनी प्रभाची खुर्ची शॉवरखालून मागे ओढत होती. ओल्या फरशीवर प्लास्टिकचे पाय अडकत होते. दिनकरने चपलांसकट आत पाऊल टाकलं, बाही न सावरताच हात पुढे घातला आणि गरम पाण्याचा नळ बंद केला. पाणी मनगटावर पडलं तेव्हा ते किती कढत होतं ते त्याला कळलं.

“काही नाही झालं,” प्रभा म्हणाली.

“काही नाही कसं?”

“जरासं लागलं. टॉवेल द्या.”

तिच्या डाव्या खांद्यावर तळहाताएवढा लाल चट्टा उमटला होता. डोक्यावर केमोच्या औषधांनंतर नुकतेच उगवलेले, बोटाच्या पेराएवढे केस होते आणि त्यांत शाम्पूचा फेस तसाच होता.

“साहब, अभी तो ठीक था,” कौशल्या म्हणाली. प्रभाला सांभाळायला ती सकाळी येऊन संध्याकाळी जायची. “एकदम से ठंडा पानी रुक गया. गरम आता रहा.”

दिनकरने गार पाण्याचा नळ पूर्ण उघडला. आधी नुसता खरखराट झाला, मग बारीक धार आली, आणि थोड्या वेळाने पाणी नेहमीसारखं पडायला लागलं. तो हात धरून उभा राहिला. पाणी आता अगदी शहाण्यासारखं वागत होतं.

“दार लावा,” प्रभा म्हणाली. “थंडी येतेय.”

उरलेला फेस कौशल्याने ओल्या कपड्याने टिपून काढला. तांब्याने पाणी घालून चाललं नसतं. आजार हाडांत उतरल्यापासून वरून ओतलेलं पाणीसुद्धा प्रभाला मारल्यासारखं लागायचं. शॉवरचं बारीक, कोमट पाणी तेवढं सोसायचं. दिवसातली तेवढी एकच गोष्ट ती स्वतःहून मागायची. जेवण नको असायचं, टीव्ही नको असायचा, भेटायला येणारी माणसं तर नकोच. पण सकाळी ऊन खिडकीत आलं की विचारायची, “गीझर लावला का?”

दिनकरने चट्ट्यावर मलम लावलं. लावताना त्याने तिच्या खांद्याकडेच पाहिलं, चेहऱ्याकडे नाही. मग हात धुतले आणि प्लंबरला बोलवायला खाली गेला.

निवृत्त झाल्यावर दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून ते गुडगावला आले त्याला दोन हिवाळे झाले होते. दिनकरच्या खात्यातल्या लोकांनी मिळून काढलेली सोसायटी. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा दिनकर सबनीसच्या वाट्याला सगळ्यात वरचा मजला आला. गच्चीवर उभं राहिलं की एका अंगाला अजून मोहरीची शेतं दिसायची आणि दुसऱ्या अंगाला काचेच्या इमारती वर चढताना दिसायच्या. त्यांतल्याच एका इमारतीत त्यांची मुलगी तनया नोकरीला होती. ऑफिसची गाडी तिला सकाळी न्यायची आणि अंधार पडल्यावर आणून सोडायची. प्रभाने सरकारी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं होतं. दिनकरने हवामान खात्यात हवेच्या दाबाचे आकडे जुळवण्यात नोकरी काढली होती. निवृत्तीनंतर दोघांनी खूप फिरायचं असं ठरवलं होतं. एकदा मसुरीला जाऊन आले. तिथेच तिची पाठ दुखायला लागली.

दिवाळीनंतर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी दिनकरला एकट्याला आत बोलावलं आणि सांगितलं, आता इथे ठेवून उपयोग नाही, घरी न्या, त्यांना आवडेल तसं राहू द्या. तो बाहेर आला तेव्हा प्रभा चाकाच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर त्याचा स्वेटर होता.

“काय म्हणाले?”

“घरी जा म्हणाले.”

“बरं,” ती म्हणाली, आणि स्वेटर त्याच्या हातात दिला.

त्यावर पुढे दोघांत एक शब्दही झाला नाही. त्या दिवशी टॅक्सीत नाही, नंतर घरीही नाही.

प्लंबरचं नाव विष्णू. ओडिशाचा, तिशीतला, बोलका. त्याने शॉवरकडे बघताक्षणी सांगितलं की दोष गीझरचा आहे. गीझर खोलला, आतून पांढऱ्या क्षाराचे पापुद्रे निघाले, ते साफ केले, पुन्हा लावला. काही फरक पडला नाही. मग तो म्हणाला, पाइपात हवा अडकली आहे. त्याने नळाला तोंड लावून फुंकून पाहिलं. तेव्हाही काही झालं नाही. दिनकरने शॉवरची चाळणी काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली आणि जुन्या टूथब्रशने एकेक भोक मोकळं केलं. पाणी थोडं वाढलं, पण मधेच मंदावायचं ते मंदावायचंच.

शेवटी दोघे गच्चीवर गेले. काळ्या टाकीतून दोन पाइप खाली उतरत होते. एक स्वयंपाकघरांच्या बाजूला, एक न्हाणीघरांच्या. गीझरला पाणी मिळायचं पहिल्यातून, शॉवरचं गार पाणी यायचं दुसऱ्यातून. दिनकरने दोन्हींवर हात ठेवून पाहिला, जणू स्पर्शाने काही कळणार होतं.

“एक का कम होता है, दूसरे का नहीं,” तो म्हणाला. “तो गड़बड़ इसी में है.”

विष्णूने दुसऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह पान्याने फिरवून पाहिला. तो फिरेना. जोर लावून काढला तेव्हा आतली चकती अर्ध्यावर अडकलेली होती आणि भोवती क्षार दगडासारखा जमला होता. खालच्या मजल्यांवर कुणी नळ सोडला की त्या अर्ध्या वाटेतून वरच्यांसाठी काही उरत नव्हतं.

नवा व्हॉल्व्ह बसला. दिनकरने खाली येऊन शॉवर सोडला आणि घड्याळाकडे बघत बराच वेळ उभा राहिला. धार जराही कमी झाली नाही. त्याने कौशल्याला बोलावून दाखवलं. मग प्रभाच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाला, “सापडलं. व्हॉल्व्ह होता.”

“छान झालं,” प्रभा म्हणाली. “या, बसा.”

तो आत आला. पलंगाच्या पायथ्याशी स्टूल होतं, त्यावर बसला. प्रभा उशीला टेकून त्याच्याकडे बघत होती. तिच्या गालांची हाडं वर आली होती आणि डोळे मोठे दिसत होते. दिनकरने औषधांच्या बाटल्या एका रांगेत लावल्या. एकीचं झाकण सैल होतं ते घट्ट केलं. पाण्याचा पेला उचलून आत बघितलं आणि परत ठेवला.

“तनयाचा फोन आला होता?” त्याने विचारलं.

“नाही.”

“आज धुकं लवकर उतरेल असं वाटतंय.”

“हं.”

त्याचा उजवा हात गुडघ्यावर थरथरत होता. त्याने डाव्या हाताने तो दाबून धरला. बाहेर दुधाच्या गाडीचा आवाज झाला तसा तो उठला.

“दूध आलं वाटतं. बघून येतो.”

“दूध सकाळीच घेतलंय,” प्रभा म्हणाली. पण तोपर्यंत तो बाहेर पडला होता.

दुसऱ्या दिवशी अंघोळ झाल्यावर कौशल्याने प्रभाला पलंगावर आणून बसवलं. दिनकर दारात येऊन उभा राहिला.

“कसं होतं पाणी?”

प्रभा केसांवरून टॉवेल फिरवत होती. हात क्षणभर थांबला.

“मधेच जरा कमी झालं,” ती म्हणाली.

“कमी? गार की गरम?”

“गार. फार नाही. जरासंच.”

“मग पूर्ण सुटलेलं नाही ते,” दिनकर म्हणाला. तो आधीच चपला शोधत होता.

कौशल्या ओले कपडे बादलीत घालून बाल्कनीकडे निघून गेली.

त्यानंतर दिनकरचे दिवस पाण्यात गेले. सकाळी गच्ची, मग खाली पंपाची खोली, मग पुन्हा गच्ची. वीज गेली की पंप थांबायचा, म्हणून तो जनरेटरवाल्याशी बोलून आला. टाकीचा तरंगता गोळा काढून पाहिला. न्हाणीघरातल्या प्रत्येक नळाखाली बादली लावून ती भरायला किती वेळ लागतो ते बघायचा. तो तपासायचा तेव्हा पाणी हमखास नीट असायचं. दोन-चार दिवस सुरळीत जायचे आणि पुन्हा एखाद्या सकाळी प्रभा म्हणायची, “आज परत कमी झालं हो.” कधी सुरुवातीला, कधी शेवटी. त्यात काही सूत्र सापडत नव्हतं.

त्याला वाटलं, खालच्या मजल्यावर काहीतरी होत असणार. तो जाऊन मिसेस भटनागरांना भेटला. त्या बिचाऱ्या सकाळी वॉशिंग मशीन लावायच्या. त्यांनी मशीन दुपारवर ढकललं. फरक पडला नाही. मग लग्नासाठी सगळे भटनागर लखनौला गेले, त्यांच्या घराला कुलूप लागलं. त्याच आठवड्यात प्रभाने पुन्हा सांगितलं की पाणी मंदावलं.

“आज? पण खाली तर कुणीच नाही.”

“मला काय माहीत? कमी झालं एवढं खरं.”

दिनकर तिच्याकडे बघत राहिला. ते कोडं पडलेल्या माणसाचं बघणं होतं. कपाळावर आठी, ओठ थोडेसे हलणारे. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून तो असाच बसायचा. प्रभा उशीवर मान टाकून त्याला बघत होती.

“भटनागरांच्या खालचे असतील,” तो अखेर म्हणाला. “विचारून येतो.”

“स्वेटर घाला,” ती म्हणाली.

एका रविवारी दुपारी तनया स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा तो जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून पाइपाचा एक तुकडा घासत होता.

“बाबा, जेवलात?”

“जेवतो. हे बघ, केवढा क्षार आहे. खाऱ्या बोअरच्या पाण्याने हे होतं.”

तनया समोरची खुर्ची ओढून बसली. आवाज खाली ठेवून म्हणाली, “आई दिवसभर एकटी असते.”

“कौशल्या असते ना.”

“कौशल्या वेगळी, बाबा. तुम्ही आज तिच्या खोलीत किती वेळ होतात?”

तो घासत राहिला.

“मी सुट्टी मागितलीय. पण मिळेपर्यंत तुम्हीच आहात ना घरी? मी फोन केला की तुम्ही गच्चीवर. मी आले की गच्चीवर.”

“भाजली ती, तनया. खांदा बघितलास ना तू?”

“तो केव्हाच बरा झाला.”

“परवासुद्धा पाणी कमी झालं होतं. पुन्हा भाजलं तर?”

“मग बादलीतलं पाणी घेऊ, स्पंजने पुसू. काहीही करू. पाण्याचं काय घेऊन बसलात यार...” ती थांबली. बापाला यार म्हटलेलं तिचं तिलाच लागलं. “सॉरी. पण ती विचारते मला, बाबा कुठे आहेत म्हणून.”

आतून प्रभाचा आवाज आला. हल्ली तिच्या बोलण्यात जोर नसायचा, पण शाळेतली सवय होती, शब्द दारापर्यंत पोचायचा.

“तनया, त्यांना बोलू नकोस. पाणी नीट नसेल तर मला खरंच त्रास होतो.”

तनयाने बापाकडे पाहिलं. त्याने पाइपाचा तुकडा उचलला आणि आतून फुंकर मारली.

शेवटी त्याने ठरवलं की वरच्या टाकीपासून थेट आपल्या न्हाणीघरापर्यंत वेगळा पाइप टाकायचा. मग खालच्या कुणाचाच संबंध उरणार नाही. त्यासाठी सोसायटीची परवानगी लागणार होती. सेक्रेटरी खुराना पहिल्या मजल्यावर राहायचे. गृहस्थ वाईट नव्हते, पण त्यांच्याकडे रोज कुणी ना कुणी काही ना काही मागायला यायचं.

“सबनीस जी,” ते म्हणाले, “एक को परमिशन दी तो कल सब माँगेंगे. टंकी में छेद ही छेद हो जाएँगे. आप तो समझदार आदमी हैं.”

“जी,” दिनकर म्हणाला.

“गर्मियों के बाद मीटिंग में रख लेते हैं.”

“जी.” तो उठला. दारापर्यंत गेला, कडीला हात लावला आणि तसाच उभा राहिला. खुरानांना वाटलं कडी अडकली असेल, म्हणून तेही उठले.

“गर्मियों तक...” दिनकर दाराकडे तोंड करूनच म्हणाला. “मेरी वाइफ बीमार हैं.”

“हाँ हाँ, सुना था. अब कैसी हैं?”

“वो बचेंगी नहीं.”

दिनकर वळला. आपण हे बोललो याचंच त्याला नवल वाटत असावं, असा त्याचा चेहरा होता. मराठीत त्याला ते कुणापुढे म्हणता आलं नसतं, तनयापुढेही नाही. परक्या भाषेत, परक्या माणसाच्या दारात ते तोंडातून निघून गेलं होतं.

“उनको नहाना अच्छा लगता है,” तो म्हणाला. “बस उतने के लिए.”

खुरानांनी त्याचा दंड धरला आणि त्याला परत खुर्चीपर्यंत आणलं.

“पाइप कल ही डलवा लीजिए. मैं देख लूँगा. आप बैठिए, पानी पीजिए.”

विष्णूने पाइप टाकला. गच्चीच्या कठड्यावरून खाली, भिंतीला चिकटून, खिडकीजवळून आत. दिनकर प्रत्येक जोडाशी उभा होता. काम संपल्यावर त्याने स्वतःच्या हाताने भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवलं. दुसऱ्या दिवशी प्रभाची अंघोळ चालू असताना तो दाराबाहेर उभा राहून ऐकत होता. पाण्याचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा होता. मधे प्रभा काहीतरी म्हणाली आणि कौशल्या हसली.

“कसं होतं?” बाहेर आल्यावर त्याने विचारलं.

“फार छान,” प्रभा म्हणाली. तिचा चेहरा उबेने थोडा लाल झाला होता. “डोळे मिटून बसले होते. बरं वाटलं.”

त्या दिवशी दिनकर पोटभर जेवला. दुपारी झोपला. उठल्यावर घरात फिरला. बाल्कनीत गेला, आत आला. पाने आणि पकडी पिशवीत भरून पिशवी माळ्यावर टाकली. आता करण्यासारखं काहीच नव्हतं. तो वर्तमानपत्र घेऊन प्रभाच्या खोलीत गेला आणि स्टुलावर बसला.

“वाचून दाखवू?”

“दाखवा.”

त्याने पहिल्या पानावरची एक बातमी वाचली. मग दुसरी. मग शेवटच्या पानावरचं हवामान. दिल्ली, मुंबई, नागपूर, पुणे. पुण्याचं किमान तापमान वाचताना त्याचा आवाज कापला. लग्नानंतरचं पहिलं वर्ष दोघं पुण्यात होती. त्याने खाकरून पुन्हा सुरुवात केली, पण आवाज लागेना.

“हात काळे झाले शाईने,” तो म्हणाला. “धुऊन येतो.”

तो गेल्यावर प्रभा बराच वेळ दाराकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीनंतर ती म्हणाली, “आज मधेच थोडं कमी झालं.”

दिनकर उठून उभा राहिला. माळ्यावरची पिशवी काढली आणि गच्चीवर गेला.

टाकी भरलेली होती. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. त्याने नव्या पाइपाच्या प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं. सगळे जोड कोरडे होते. तो खाली आला, शॉवर सोडला, मग घरातले सगळे नळ सोडले. शॉवरचं पाणी तसंच पडत राहिलं. लखनौहून परत आलेल्या मिसेस भटनागरांना त्याने त्यांच्याकडचे सगळे नळ सोडायला सांगितले आणि धापा टाकत वर आला. शॉवर तसाच होता. एक थेंब कमी नाही.

त्याने शॉवर बंद केला आणि तो ओल्या न्हाणीघरात प्रभाच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला.

खात्यात असताना एखाद्या केंद्राचे आकडे शेजारच्या केंद्रांशी जुळेनासे झाले, की आधी यंत्र तपासायचं. यंत्रात दोष नसला तर मग ते वाचणाऱ्या माणसाला विचारायचं. नोकरीत त्याने हे कितीदा तरी केलं होतं. या पाइपावर दुसरं कुणीच नव्हतं. पाणी कमी होण्याला कारणच उरलं नव्हतं.

बाल्कनीत कौशल्या कपडे वाळत घालत होती.

“कौशल्या, आज पानी कम हुआ था?”

तिने हातातली चादर झटकली, दोरीवर टाकली, तिच्या कडा जुळवल्या.

“नहीं, साहब.”

“और उस दिन? भटनागर लोग जब लखनऊ में थे?”

“ऊपर वाला वाल बदला था ना, उसके बाद कभी कम नहीं हुआ.” तिने मान खाली घातली. “माँजी ने बोलने को मना किया था.”

दिनकरने मान हलवली. जेवणाच्या टेबलापाशी जाऊन एक खुर्ची उचलली. ती जड होती, पाठीची होती, स्टुलासारखी पटकन उठता येईल अशी नव्हती. ती घेऊन तो प्रभाच्या खोलीत गेला आणि उशाशी ठेवून बसला.

“झालं का वरचं?” प्रभाने विचारलं.

“झालं.”

“काय निघालं?”

“काही नाही. पाणी नीट आहे.” तो थांबला. “व्हॉल्व्ह बदलल्यापासून नीट आहे.”

प्रभाने तोंड खिडकीकडे वळवलं. खाली कुठेतरी पायाभरणीचं यंत्र धाडधाड करत होतं.

“कौशल्याला रागावू नका,” ती म्हणाली.

“नाही रागावलो.”

“मीच सांगितलं होतं तिला.”

“का गं?”

ती पांघरुणाचा काठ बोटांनी सारखा करत राहिली.

“तुम्ही इथे येऊन बसता ना, तेव्हा तुमच्याकडे बघवत नाही मला. हात कापतात तुमचे. दाराकडे बघत राहता. मला वाटतं, मी गेल्यावर हा माणूस असाच बसून राहील. आणि पाणी बिघडलं म्हटलं की उठून उभे राहता. चालायला लागता. चेहऱ्यावर रंग येतो. चार घरी जाता, माणसांशी बोलता.” तिला दम लागला. थोडी थांबून म्हणाली, “सरळ जा म्हटलं असतं तर गेला नसतात. मग म्हटलं, काहीतरी काम तरी द्यावं.”

दिनकर आपल्या हातांकडे बघत होता. नखांत सिमेंट होतं.

“भटनागरांच्या घराला कुलूप होतं,” तो म्हणाला. “तेव्हा तरी...”

“चुकलंच ते. मला कुठे माहीत ते गावाला गेलेत?” तिच्या ओठांच्या कडेला किंचित हसू आलं आणि गेलं. “तुम्ही एवढा पाइपच घालून घ्याल असं नव्हतं वाटलं.”

त्याचा हात कापायला लागला. या वेळी त्याने तो दाबून धरला नाही.

“डॉक्टर काय म्हणाले ते तू त्या दिवशी विचारलंस,” तो म्हणाला. “मी नीट सांगितलं नाही.”

“मला कळलं होतं.”

“तरी मी सांगायला हवं होतं.”

“हो,” ती म्हणाली. “सांगायला हवं होतं.”

मग त्याने विचारलं, आणि विचारताना तिच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं, “भीती वाटते?”

“वाटते.” तिने विचार केला. नेमकं उत्तर द्यायची सवय जात नव्हती. “सकाळी नाही वाटत. सकाळी अंघोळ असते, तनयाची गडबड असते. रात्री ती शेजारी झोपते. दुपारी वाटते. सगळं शांत होतं तेव्हा.”

दुपारी तो गच्चीवर असायचा. हे दोघांनाही माहीत होतं.

“दुपारी मी बसत जाईन,” तो म्हणाला.

“सांगितलं ना, तुमचं तोंड बघवत नाही.”

“मग डोळे मीट. मी बसतो.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग खरंच डोळे मिटले. तिचा श्वास हळूहळू लांबत गेला. झोप लागली असं वाटून तो पांघरूण नीट करायला वाकला, तेव्हा ती डोळे न उघडताच म्हणाली, “पाय गार पडलेत.”

खुर्ची पायथ्याशी सरकवून त्याने पांघरुणाखाली हात घातला. पाय बर्फासारखे होते, आणि इतके हलके की त्याला धक्का बसला. त्याने दोन्ही पावलं आपल्या तळहातांत घेतली.

“अहो, पायांना काय हात लावता,” ती म्हणाली. “कौशल्याला बोलवा. ती लावेल गरम पिशवी.”

“असू दे.”

तिने पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला. अंगात बळ नव्हतं, किंवा तिने फार जोर लावलाच नाही. तो पावलं चोळत राहिला, आधी टाचा, मग तळवे, मग एकेक बोट. खिडकीतलं ऊन पलंगावरून भिंतीवर चढायला लागलं.

दारावरची घंटा वाजली. कौशल्याच्या चपलांचा आवाज बाहेरच्या खोलीत गेला. विष्णू आला होता. नव्या जोडावर रंगाचा एक हात मारायचा राहिला होता.

“साहब ऊपर हैं क्या?” त्याने विचारलं.

“नहीं,” कौशल्या हळू आवाजात म्हणाली. “माँजी के पास बैठे हैं. तू बाद में आना.”

दार लागल्याचा आवाज झाला. प्रभाचे डोळे मिटलेलेच होते. तिने पाय आणखी थोडे त्याच्या हातांत सरकवले.